ओल सरल्यावर मातीत काय उरतं

मे महिन्याच्या दुपारी ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या सागवनात उभं राहिलं, तर जमीन मेल्यासारखी वाटते. सागाने पानं केव्हाच टाकलेली असतात, ती पायाखाली कुरकुरतात आणि त्यांच्याखालची माती खरवडली तरी बोटाला ओल लागत नाही. अशा मातीत काही जिवंत असलंच तर ते कसंबसं तग धरून असणार, असं कुणालाही वाटेल. बनारस हिंदू विद्यापीठातले जे. एस. सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी विंध्य पर्वताच्या पट्ट्यातल्या अशाच पानझडी जंगलाची माती ऋतूंप्रमाणे तपासली, तेव्हा निघालं ते उलटंच. सूक्ष्मजीवांच्या शरीरांत साठलेला कर्ब, नत्र आणि स्फुरद सर्वांत जास्त भरला तो उन्हाळ्यात, आणि सर्वांत कमी भर पावसाळ्यात. हा निष्कर्ष १९८९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. जंगलाच्या मातीविषयी आपल्या देशात झालेल्या कामांपैकी हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

सिंग यांनी त्याचा अर्थ असा लावला. उन्हाळ्यात झाडांची वाढ थंडावलेली असते, मुळांची मागणी नसते. या काळात मातीत जे काही नत्र-स्फुरद सुटतं ते जिवाणू आणि बुरशी आपल्या पेशींत अडकवून ठेवतात. पावसाळा लागला की यांतल्या बऱ्याच पेशी मरतात, उरलेल्यांवर मातीतले आदिजीव आणि सूत्रकृमी ताव मारतात, आणि पेशींमधली अन्नद्रव्यं मोकळी होतात. झाडांना पालवी फुटायची असते, रोपं तरारून यायची असतात, ते हेच दिवस. ही अन्नद्रव्यं उन्हाळाभर मातीत सुटी पडून राहिली असती, तर पहिल्याच धुवांधार पावसाने त्यांतला मोठा वाटा ओढ्याला नेऊन घातला असता. हलक्या, कमी कसाच्या जमिनीवर एवढं जंगल कसं उभं राहतं, या प्रश्नाच्या उत्तरात या साठवणीला मोठी जागा आहे.

म्हणून जंगलाच्या मातीवर दुष्काळाचा काय परिणाम होतो हे सांगताना आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. कोरडा ऋतू वेगळा आणि दुष्काळ वेगळा. पावसाळा सोडला तर बाकी सारं वर्ष जवळपास कोरडं जाणं हा विंध्यातल्या किंवा विदर्भातल्या मातीचा शिरस्ता आहे, तिथले सूक्ष्मजीव त्याच शिरस्त्यात घडले आहेत. दुष्काळ म्हणजे तो शिरस्ता मोडणं. पाऊस कमी येणं, उशिरा येणं, येऊन मध्येच दडी मारणं, किंवा जिथे माती कधी पुरती वाळतच नव्हती तिथे ती वाळणं. हे मोडणं कुठे आणि कसं बाधतं, ते कळायला जिवाणूच्या मापावर उतरावं लागतं.

जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. तो मातीत राहतो असं आपण म्हणतो, पण त्याचा संसार असतो पाण्यात, मातीच्या कणांना लपेटून बसलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात. माती वाफशावर असते तेव्हा हे पापुद्रे एकमेकांना जोडलेले असतात. त्यांतून विरघळलेलं अन्न वाहत येतं, विकरं म्हणजे एन्झाइम सोडून दूरचा पाला कुजवता येतो, पोहत शेजारच्या पोकळीत जाता येतं. माती वाळू लागली की आधी मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात आणि पाणी फक्त बारीक छिद्रांत उरतं. फेब्रुवारीत नदीची धार तुटून नुसते डोह उरावेत, तशी ही स्थिती. डोहात मासे जिवंत असतात, पण या डोहातून त्या डोहात जाण्याची वाट बंद झालेली असते. जिवाणूच्या दोन बोटं पलीकडे पानाचा कुजका तुकडा पडलेला असतो आणि तो मात्र उपाशी असतो.

वाळण्याचं हे काम टप्प्याटप्प्याने होतं आणि ते मोजता येतं. मातीने पाणी किती जोराने धरून ठेवलंय हे मेगापास्कलमध्ये सांगतात, आणि ही ओढ असल्यामुळे आकडा उणे लिहितात. उणे १.५ मेगापास्कलला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पंधरापट ओढीला, बहुतेक पिकं अशी कोमेजतात की पुन्हा उठत नाहीत. जॉन स्टार्क आणि मेरी फायरस्टोन यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या मातीवर एक नेमकं काम केलं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू माती वाळताना मंदावतात ते उपासमारीने की तहानेने, हा त्यांचा प्रश्न होता. साधारण उणे ०.६ मेगापास्कलपर्यंत उपासमार हेच मुख्य कारण ठरलं, कारण अन्न त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याहून कोरड्या मातीत पेशीतलंच पाणी ओढलं जाऊ लागलं आणि तहान वरचढ ठरली. थोडक्यात, मातीला अजून ओल आहे असं आपल्याला वाटत असतं तेव्हाच तिच्यातल्या कितीतरी जिवाणूंचा उपास सुरू झालेला असतो.

तरीही झाडं कोमेजली म्हणून माती थांबत नाही. जगभरच्या अशा मोजण्या एकत्र करून स्टेफानो मान्झोनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की खनिज मातीतली श्वसनाची हालचाल सरासरी उणे १४ मेगापास्कलच्या आसपास थांबते आणि वरच्या पालापाचोळ्यात तर ती उणे ३६ पर्यंत रेटत जाते. पिकांच्या मरणबिंदूच्या कितीतरी पलीकडे हे जीव काहीतरी करत असतात.

त्यांना ते जमतं कसं? बुरशीचं एक बलस्थान तिच्या रचनेतच आहे. तिचे धागे हवेने भरलेली पोकळी ओलांडून जातात. एक टोक ओल्या कोपऱ्यात आणि दुसरं कोरड्या पाल्यात ठेवून ती दोन्हीकडचं घेऊ शकते. जिवाणूला अशी सोय नाही. त्यामुळे कोरड पडत जाते तसा बुरशीचा जोर जिवाणूंच्या तुलनेत वाढतो, असं अनेक जंगलांत आढळलं आहे. जिवाणूंमध्येही जाड पेशीभित्तिकेचे टिकतात. ॲक्टिनोबॅक्टेरिया या गटाचं प्रमाण दुष्काळात वाढलेलं दिसतं. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातला जिओस्मिन हा घटक बनवणारे स्ट्रेप्टोमायसिस याच गटातले. ते कोरडेपणात बीजाणू धरतात, आणि जिओस्मिनच्या वासावर येणारे स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले जीव ते बीजाणू अंगावर घेऊन मातीभर पसरवतात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. आपल्याला सुखावणारा तो वास मातीतल्या एका जिवाची दुसऱ्याला दिलेली हाक आहे.

बाकीचे जिवाणू दोन उपाय करतात. एक, स्वतःभोवती चिकट शर्करेचं आवरण तयार करणं. ते स्पंजासारखं ओल धरतं आणि सावकाश वाळतं. दुसरा उपाय महागाचा आहे. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून पेशी आपल्या आतच विरघळणारे पदार्थ भरते: ट्रेहॅलोज ही साखर, प्रोलिन हे अमिनो आम्ल, ग्लायसीन बीटेन. यांतल्या शेवटच्या दोन्हींत नत्र असतं. म्हणजे वाढीसाठी राखलेला कर्ब आणि नत्र नुसता जीव तगवण्यावर खर्च होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोशुआ शिमेल आणि सहकारी यांनी २००७ साली हा मुद्दा ठासून मांडला. हा खर्च साऱ्या जंगलाच्या हिशेबात दिसावा एवढा मोठा असू शकतो. दुष्काळात माती ‘झोपलेली’ असते असं सहज म्हटलं जातं, पण यातले बरेच जीव झोपण्याआधी स्वतःची पुंजी मोडत असतात.

आणि मग पाऊस येतो. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा क्षण हाच. क्षारांनी आणि साखरेने ठासून भरलेली पेशी अचानक गोड्या पाण्यात सापडते, पाणी वेगाने आत घुसतं, आणि साठवलेले पदार्थ चटकन बाहेर टाकता किंवा जाळून टाकता आले नाहीत तर पेशी फुटते. फुटलेल्या पेशींचा ऐवज, बाहेर टाकलेली साखर आणि कोरडेपणात अलग पडलेला सेंद्रिय माल हे सगळं एकाच वेळी वाचलेल्यांच्या हाती लागतं. मातीतून कर्बवायूचा लोट निघतो. केनियातल्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५०च्या दशकात हे बारकाईने नोंदवलं. माती जितकी जास्त वाळवून भिजवावी तितका हा लोट मोठा, असं त्यांना दिसलं. त्यांचा १९५८चा लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो आणि या घटनेला बर्च यांचंच नाव आहे.

नत्राचंही तसंच होतं. कोरड्या मातीत साचलेलं अमोनियम ओल मिळताच झपाट्याने नायट्रेट होतं. झाडांची बारीक मुळं जागी असतील तर ते त्यांच्या पदरात पडतं. ती दुष्काळाने मेलेली असतील, तर नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपून जातं किंवा नत्राचे वायू होऊन उडून जातं. विंध्याच्या जंगलात वर्षानुवर्षं जुळलेला ताळमेळ बिघडतो तो इथे. वळवाची एखादी जोरदार सर एप्रिलमध्येच आली आणि नंतर महिनाभर कडक ऊन पडलं, तर सूक्ष्मजीवांनी जपलेली साठवण झाडं निष्पर्ण असतानाच फुटते. जूनमध्ये पहिल्या सरी आल्यावर पावसाने तीन आठवडे ओढ दिली तरी तेच. शेतकऱ्याला खंड म्हटलं की दुबार पेरणी आठवते. मातीतल्या जीवांवरही तीच पाळी येते, कारण पुन्हा वाळायचं म्हणजे तो महागडा खर्च पुन्हा करायचा.

असा खर्च कोणाला झेपतो हे त्या मातीच्या पूर्वानुभवावर ठरतं. नोआ फिरर आणि शिमेल यांनी कॅलिफोर्नियातली ओकच्या झाडांखालची आणि शेजारच्या उघड्या गवताळ रानातली माती घेऊन ती दोन महिने वेगवेगळ्या वेळा वाळवली-भिजवली. गवताळ मातीतल्या जिवाणूंच्या समाजात फारसा फरक पडला नाही. उन्हात उघड्यावर असल्याने तिला हे चढउतार सवयीचेच होते. ओकच्या सावलीतल्या, जाड पाल्याखालच्या मातीतला समाज मात्र बदलून गेला. प्वेर्तो रिकोच्या वर्षावनात पावसाचं पाणी अडवणारी छपरं उभारून प्रयोग झाला, तिथेही असंच दिसलं. आधी एकदा कोरडेपणा सोसलेल्या मातीतला जिवाणूंचा समाज दुसऱ्या वेळी कमी ढळला, पहिल्यांदाच तहानलेल्या मातीतला जास्त ढळला. यावरून मला वाटतं की सह्याद्रीच्या सदाहरित रायांची काळजी विदर्भातल्या सागवनापेक्षा अधिक करायला हवी. आंबोलीच्या किंवा भीमाशंकरच्या मातीचा अनुभव ओलीचा आहे. तिथे दोन-तीन वर्षं लागोपाठ पाऊस चुकला, तर वरचं जंगल हिरवं दिसत असतानाच खालची वस्ती बदललेली असेल.

आतापर्यंत फक्त पाण्याची गोष्ट झाली. जंगलाच्या मातीला आणखी एक झरा असतो आणि तो वरून, पानांमधून येतो. झाडं प्रकाशसंश्लेषणातून केलेल्या साखरेचा काही भाग मुळांवाटे मातीत सोडतात. मुळांभोवतीचे जिवाणू आणि मुळांशी सोयरीक केलेल्या मायकोरायझा बुरशी त्यावर जगतात, आणि बदल्यात झाडाला स्फुरद, नत्र, पाणी मिळवून देतात. सागाच्या मुळांत ही बुरशी पेशींच्या आत शिरते. साल वृक्षाच्या बाबतीत ती मुळांच्या टोकांवर टोपीसारखी चढते आणि मातीत दूरवर धागे सोडते. दुष्काळात हा झरा आटतो. युरोपात बीचच्या लहान झाडांना खास खूण केलेला कर्ब देऊन त्याचा माग काढला गेला, तेव्हा दुष्काळातल्या झाडांत तो पानांतच रेंगाळला आणि मातीपर्यंत कमी पोचला. फ्रँक हागेडोर्न आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पुढचा भाग दाखवला. पाणी परत दिल्यावर झाडांनी कर्ब आधी मुळांकडे आणि मातीकडे वळवला, आणि झाड किती सावरणार हे जमिनीखालच्या मागणीवर ठरलं. खालची मंडळी शिल्लक असतील तरच ती मागणी उठते.

झाडंही जमेल तेव्हा या मंडळींना सांभाळतात. कॅलिफोर्नियातल्या ओकच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत एक सुंदर गोष्ट दिसली. खोल गेलेली मुळं रात्री खालचं पाणी वर आणतात, आणि वरची माती खडखडीत कोरडी असताना त्या पाण्यावर मायकोरायझाचे धागे जिवंत राहतात. जंगलातली मोठी, खोल मुळांची झाडं तोडली तर सावली जातेच, आणि बहुधा ही रात्रीची पाणपोईही बंद होते.

स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, फिन्वाल्ड नावाचं स्कॉट्स पाइनचं जंगल आहे. आल्प्सच्या आड असल्यामुळे तिथे पाऊस वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या तालुक्यांएवढाच. तिथली पाइनची झाडं दुष्काळाने मरू लागली तेव्हा स्विस संशोधकांनी २००३ पासून जंगलाच्या काही तुकड्यांना उन्हाळी पाणी द्यायला सुरुवात केली आणि शेजारचे तुकडे तसेच कोरडे ठेवले. दशकभरानंतर पाण्याच्या तुकड्यात झाडांचा विस्तार दाट झाला, मुळं आणि पाला वाढला, आणि मातीतला सूक्ष्मजीवांचा समाज वेगळा झाला. तिथे ताजा, भरपूर माल झपाट्याने खाणारे जिवाणू वाढले, तर कोरड्या तुकड्यात थोडक्यावर सावकाश जगणारे टिकून होते. दुष्काळ मातीला नापीक करतो असं ढोबळपणे म्हणण्यापेक्षा, तो तिथे कंजूष मंडळींची वस्ती वसवतो असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. अशी वस्ती टिकाऊ असते, पण पाणी परतल्यावर ती चटकन उचल खात नाही.

जर्मनीत फ्रायझिंगजवळच्या क्रान्त्सबर्गच्या जंगलात बीच आणि स्प्रूसच्या झाडांखाली छपरं टाकून काही वर्षं उन्हाळी पाऊस अडवला गेला. मायकोरायझा बुरशींची विविधता बरीचशी टिकली, पण ज्यांवर त्या राहतात ती जिवंत मुळाग्रं मात्र खूप घटली. झाड तगलं तर बुरशी पुन्हा पसरू शकते. झाड मेलं तर ती वाट बंद. चेक प्रजासत्ताकातल्या शुमावाच्या जंगलात खोडकिड्यांनी स्प्रूस मारल्यावर काही वर्षांतच मायकोरायझा बुरशी ओसरल्या आणि मेलेला पाला-लाकूड कुजवणाऱ्या बुरशी वाढल्या. दुष्काळाने मेलेल्या झाडांखालीही गोष्टी याच दिशेने जाणार. मातीत साठलेला कर्ब जपणारा समाज जातो आणि तो खाणारा येतो. जगभरच्या मातीत वातावरणापेक्षा जास्त कर्ब आहे, म्हणून ही अदलाबदल केवळ त्या जंगलापुरती राहत नाही.

ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या काचघरातल्या वर्षावनाला २०१९-२० मध्ये मुद्दाम साडेनऊ आठवडे कोरडं ठेवण्यात आलं. तिथे आणखी एक बारीक गोष्ट कळली. तहानलेले सूक्ष्मजीव कर्बाची वाटच बदलतात. एरवी पेशीत जिरणाऱ्या मालातून ते ॲसिटेट, ॲसिटोन, डायॲसिटिल असे उडून जाणारे पदार्थ जास्त सोडू लागतात. दुष्काळात मातीचा कर्बवायू कमी झाला म्हणून कर्ब वाचला, असा हिशेब करणाऱ्यांनी ही गळती धरायला हवी.

आपल्याकडे या सगळ्यात वणव्याची भर पडते. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पानं चांगली फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. वेचणाऱ्यांचं त्यावर पोट आहे आणि वन खात्याने नुसत्या जाळरेषा काढून किंवा गुन्हे दाखल करून हे सुटणार नाही. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरून फुलं गोळा करण्याचा पर्याय काही ठिकाणी चालतो, तो परवडेल असा हवा. कारण पाला जळतो तेव्हा मातीचं पांघरूण जातं. सर्वांत कोरड्या दिवसांतही जिथे हालचाल चालू असते असं मोजून दिसलंय, तो थर म्हणजे हाच पाला. त्याच्याखालची ओल आणखी काही दिवस टिकली असती, वळवाच्या सरीचा तडाखा त्याने झेलला असता.

एका अलीकडच्या कामामुळे मला या विषयात आशा वाटते. अमेरिकेतल्या कॅसँड्रा ऑलसप, इसाबेल जॉर्ज आणि रिचर्ड लँकाऊ यांनी विस्कॉन्सिन आणि इलिनॉय राज्यांतल्या वेगवेगळ्या जंगलांमधली माती घेऊन तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचं विरजण झाडांच्या रोपांना दिलं आणि ती रोपं रानात लावली. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की कोरड्या जागेतून आणलेल्या सूक्ष्मजीवांसोबत वाढलेली रोपं दुष्काळात जास्त जगली. थंड जागेतल्या सूक्ष्मजीवांनी थंडीत तशीच साथ दिली. मातीतल्या जिवांचा दुष्काळाचा अनुभव झाडाच्या उपयोगी पडतो, आणि तो रोपासोबत दुसरीकडे नेता येतो.

आपल्या रोपवाटिकांत काळ्या पिशवीत लाल माती, पोयटा आणि शेणखत भरून रोपं वाढवतात, रोज झारीने पाणी देतात, आणि जुलैत ती उघड्या डोंगरावर नेऊन लावतात. पुढच्या मेपर्यंत त्यांतली किती मरतात हे लागवडीवर राबणाऱ्या मजुराला चांगलं ठाऊक असतं. त्या पिशवीत ओंजळभर माती स्थानिक जुन्या रानाची घातली तर काय होतं, हे वन खात्याने आणि कृषी विद्यापीठांनी तालुक्यातालुक्यात करून बघण्यासारखं आहे. कोकणातल्या देवराईची माती बालाघाटच्या डोंगरावर नेऊन हे काम होणार नाही, तिला दुष्काळाचा सराव नाही. ती बालाघाटातल्याच एखाद्या जुन्या, न जळलेल्या, खडकाळ उतारावरच्या झाडोऱ्यातून यायला हवी, तीही थोडी आणि रोगट झाडांपासून दूरची. असे तुकडे कुठे उरलेत हे नकाशावर फारसं सापडत नाही. पण ते गावच्या गुराख्याला आणि बीटवरच्या वनरक्षकाला तोंडपाठ असतात.